बाखच्या मुलुखात पाच दिवस

आमच्या सांगलीच्या घरात एक पायपेटी आहे. संगीत नाटकवाले तिला ऑर्गनच म्हणतात. माझे वडील, अण्णा, हौशी नाटकमंडळींना तिच्यावर साथ करायचे. शेवटची चार वर्षं त्यांची डावी बाजू लुळी होती. पायपेटी बंद झाली, पण हातपेटी त्यांनी सोडली नाही. ते उजव्या हातानं वाजवायचे आणि समोर बसून मी भाता मारायची. सूर लांबणार असेल तर हवा आधीच भरून ठेवावी लागते, म्हणजे गाणं बोटांच्या आधी भात्याला कळावं लागतं, हे मला त्या चार वर्षांत समजलं.

त्याच काळात कुणीतरी त्यांना जुन्या काळचा जर्मन संगीतकार योहान सेबास्टियन बाख याच्या ऑर्गनची एक कॅसेट दिली होती. ती ऐकताना अण्णा एकदा म्हणाले, "हा माणूस पायानंसुद्धा सूर वाजवतोय. मग भाता कोण मारतंय?"

माझी लेक सई गेली तीन वर्षं जर्मनीत एरफुर्टला नोकरी करते. यंदा मे महिन्यात तिच्याकडे गेले तेव्हा लक्षात आलं, की बाखचं जवळजवळ सगळं आयुष्य तिच्या घरापासून दोन-अडीच तासांच्या आत गेलंय. पासष्ट वर्षांत हा माणूस इटलीला गेला नाही, फ्रान्सला गेला नाही, इंग्लंडला गेला नाही. सईनं पाच दिवसांची रजा काढली.

मंगळवार: आयझेनाख

एरफुर्टहून आयझेनाखला गाडीनं तासाभरातच पोचलो. स्टेशनातून बाहेर पडलं की डोंगरावर वार्टबुर्गचा किल्ला दिसतो. ख्रिस्ती धर्मसुधारक मार्टिन ल्यूथरनं 1521-22 च्या हिवाळ्यात तिथं लपून राहून बायबलच्या नव्या कराराचं जर्मन भाषांतर केलं. माझ्या गुडघ्यांचा विचार करून आम्ही वर गेलो नाही, पण बाख समजायला तो किल्ला डोळ्यांसमोर असलेला बरा. ल्यूथरनं देवळातलं गाणं सगळ्या लोकांच्या तोंडी दिलं, त्यांच्याच भाषेत दिलं. बाख पुढे आयुष्यभर जे करत राहिला, त्याचं मूळ तिथं आहे. ल्यूथर मुलगा असताना आयझेनाखच्या ज्या लॅटिन शाळेत शिकला, तिथंच दोनशे वर्षांनी बाखही गेला.

गेओर्गनकिर्श या चर्चमध्ये दगडी बाप्तिस्म्याचं पात्र आहे. 23 मार्च 1685 रोजी दोन दिवसांचं पोर याच पात्रावर धरलं गेलं. आजही बाप्तिस्मे तिथंच होतात. आम्ही गेलो तेव्हा एक बाई पात्राभोवतीची फुलं बदलत होत्या. सईनं त्यांना सांगितलं, की आई भारतातून आलीय, ऑर्गन वाजवते. त्यांनी मला हातानं खूण करून पात्राच्या अगदी जवळ बोलावलं आणि कडेवरून हात फिरवायला लावला. दगड गार होता. पावसाळ्यात आमच्या गणपतीच्या देवळातला खांब असतो, तितका.

चर्चपासून पाच मिनिटांवर बाखहाउस आहे. 1907 पासून हे संग्रहालय चालू आहे. पूर्वी हेच जन्मघर मानत. ते तसं नव्हतं हे नंतर कळलं, पण घर मात्र त्याच्या जन्माच्याही दोनशे वर्षं आधीचं आहे. इथलं खरं आकर्षण म्हणजे जुनी वाद्यं काचेआड न ठेवता वाजवून दाखवतात. तासातासाला संग्रहालयातलेच लोक बसतात आणि वीसेक मिनिटांत चार-पाच वाद्यं ऐकवतात. क्लॅव्हिकॉर्ड हे पट्ट्यांचं तारवाद्य तर इतकं हळू बोलतं, की खोलीतल्या तीस माणसांनी श्वास धरला होता.

मग वाजवणाऱ्या तरुणानं एका छोट्या लाकडी ऑर्गनकडे बोट दाखवलं आणि विचारलं, भाता चालवायला कोण येतं? बाकीचे एकमेकांकडे बघेपर्यंत मी उठले होते.

पहिले दोन-तीन झोके मला अंदाज आला नाही, हवा जास्त झाली. मग पाठीमागून त्याच्या मानेकडे बघत राहिले. वाक्य संपवताना तो किंचित पुढे झुकायचा. ते कळल्यावर हात आपोआप बसला. शेवटचा सूर त्यानं मुद्दाम लांबवला आणि मी हवा पुरवली. तो वळून म्हणाला, "तुम्ही हे आधी केलंय." सईनं भाषांतर केलं तेव्हा मला बोलता आलं नाही.

त्या काळी मोठ्या ऑर्गनला भाते तुडवायला पगारी माणसं असत. ती नसली तर बाखलाही एक सूर काढता आला नसता. अण्णांच्या प्रश्नाचं उत्तर मला आयझेनाखला मिळालं.

दुपारी चौकाजवळ जेवलो. कच्चा आणि उकडलेला बटाटा एकत्र मळून केलेले मोठे गोळे इथली खासियत. आत भाजलेल्या पावाचा कुरकुरीत तुकडा असतो. वर मश्रूमचा रस्सा मागितला तर शाकाहारी माणसाचं पोट भरतं. मात्र रश्श्यात मांसाचं पाणी आहे का, ते आधी विचारावं.

प्रवासाचं एक सांगून ठेवते. थ्युरिंगिया, झाक्सन आणि झाक्सन-अनहाल्ट या तीन राज्यांत मिळून एकच दिवसाचं तिकीट चालतं. दोघांत घेतलं की प्रत्येकी खर्च बराच कमी होतो. ते फक्त साध्या गाड्यांना लागू आहे, जलद गाड्यांना नाही, आणि कामाच्या दिवशी सकाळी नऊनंतरच. बाखची गावं साध्या गाड्यांच्याच मार्गावर आहेत.

बुधवार: वेख्मार आणि आर्नस्टाट

गोथा स्टेशनवरून बसनं वेख्मार या खेड्यात उतरलो. घाई नव्हती म्हणून आधी फोन केला नाही, ही चूक झाली. बाख घराण्याचं मूळ घर इथं जपलंय, पण ते ठरावीक वेळीच उघडतात. आम्हाला दार बंद मिळालं. जाणाऱ्यांनी आधी विचारूनच जावं. खेडं मात्र बघण्यासारखं आहे. लाकडी चौकटींची घरं, दारात गुलाब, आणि आम्ही होतो तेवढ्या वेळात रस्त्यावर फक्त एक ट्रॅक्टर गेला.

इथंवर यायचं कारण म्हणजे फाइट बाख. हा बाखचा खापरपणजोबा, धंद्यानं पाववाला. ल्यूथरपंथी म्हणून हंगेरीतून निघावं लागलं आणि या गावात येऊन राहिला. 1735 मध्ये, पन्नाशीला आलेल्या बाखनं आपल्या कुळाचा इतिहास स्वतः लिहून काढला. त्यात पहिलंच नाव फाइटचं आहे. हा गृहस्थ दळायला जाताना आपलं छोटं तंतुवाद्य गिरणीत बरोबर न्यायचा आणि दळण चालू असताना वाजवत बसायचा. बाख लिहितो, की त्या दोन्हींचा एकत्र आवाज छानच झाला असणार, आणि निदान ताल तरी तो तिथं शिकला असेल. आमच्या घराण्यात संगीत असं सुरू झालं, असंही तो पुढे म्हणतो.

जात्यावर बसलं की ओवी सुचतेच, हे आपल्याकडे कुणाला समजावून सांगायला नको. गावाच्या जुन्या गिरणीपाशी उभी राहून मला माझी आजी आठवली. पहाटेच्या अंधारात जात्याची घरघर, आणि तिच्यावर तरंगणारा तिचा आवाज. त्या आवाजातून आमच्या घरात अण्णा आले आणि त्यांची पेटी आली. बाखनं कुळाची सुरुवात राजदरबारापासून केली नाही, पिठाच्या गिरणीपासून केली, म्हणून मला तो त्या दिवशी फार आपला वाटला.

आणि घराणं तरी केवढं! एरफुर्टमध्ये बाख नावाचे इतके वादक झाले, की पुढे त्या नावाचं कुणी उरलं नाही तरी गावातल्या वाजंत्र्यांना लोक 'बाख' म्हणत राहिले.

परतीची बस आमच्या डोळ्यांसमोरून निघून गेली आणि पुढची यायला दोन तास होते. थांब्याजवळच्या घरात एक आजोबा बागेत काम करत होते. त्यांनी आधी खुर्च्या दिल्या, मग पाणी, मग घरच्या रुबार्बचा केक. शेवटी हात धुऊन त्यांनी गाडीच काढली. गोथापर्यंत त्यांनी सईला आपल्या गुडघ्याच्या शस्त्रक्रियेची पूर्ण हकीकत सांगितली. माझ्याही गुडघ्यांची चौकशी केली. पैसे घेतले नाहीत.

आर्नस्टाटला पोचायला चार वाजले. आयझेनाख ते आर्नस्टाट यांच्यामध्ये बाखचं बालपण संपलं. नऊ वर्षांचा असताना आई गेली आणि पुढच्याच हिवाळ्यात वडील. ओर्डरुफला ऑर्गनवादक असलेल्या थोरल्या भावानं, योहान क्रिस्टोफनं, त्याला सांभाळलं. भावाजवळ नामवंत रचनाकारांच्या चिजांची एक वही होती, ती तो लहानग्याला देत नसे. हे पोर रात्री कपाटाच्या जाळीतून हात घालून वही गुंडाळून बाहेर काढायचं आणि दिवा मिळत नसल्यानं चांदण्यात उतरवून घ्यायचं. सहा महिने लागले. भावाला कळलं तेव्हा त्यानं ती नक्कल काढून घेतली. ही आठवण बाखच्या मृत्युलेखात आहे, आणि तो लेख लिहिणाऱ्यांत त्याचाच मुलगा होता. गुरूनं न दिलेली चीज भिंतीआडून ऐकून शिकणाऱ्या गवयांच्या गोष्टी आपण लहानपणापासून ऐकतो. इथं भिंतीच्या जागी जाळीचं कपाट आहे.

आर्नस्टाटला 1703 मध्ये एका चर्चमधला नवा ऑर्गन तपासायला अठरा वर्षांच्या बाखला बोलावलं आणि मग त्यालाच नोकरी दिली. ते चर्च आज बाखकिर्श म्हणून ओळखलं जातं. आत सगळं पांढरं लाकूड, एकावर एक सज्जे, आणि सगळ्यांत वर छताला टेकेल असा, व्हेंडर नावाच्या कारागिरानं बांधलेला ऑर्गन. 2000 साली तो जुन्या रूपात पुन्हा उभा केला. त्याच्या खालच्या सज्जात विसाव्या शतकातला दुसरा मोठा ऑर्गन आहे. बाखच्या हाताखालचा मूळ वाजवायचा भाग, म्हणजे जिथं बोटं आणि पाय चालायचे ती चौकट, गावच्या संग्रहालयात ठेवली आहे. ती आम्ही दुसऱ्या दिवशी सकाळी पाहिली. आपली पायपेटी उघडून ठेवली तर जशी दिसते, तशीच साधी.

बाजारचौकात बाखचा पुतळा आहे, 1985 मधला. टोप घातलेले गंभीर म्हातारे बाख सगळीकडे असतात, इथं मात्र एक तरुण पाय पसरून रेलून बसलाय. तो तसाच होता. एका विद्यार्थी वादकाला बाख टोचून बोलला, त्या विद्यार्थ्यानं रस्त्यात काठी उगारली आणि बाखनं तलवार उपसली. लोकांनी सोडवलं. चर्चच्या अधिकाऱ्यांपुढे झालेल्या चौकशीची नोंद आजही वाचता येते.

दुसरी नोंद मला जास्त आवडते. 1705 च्या हिवाळ्याच्या तोंडी त्यानं चार आठवड्यांची रजा घेतली आणि ऑर्गनवादक बुक्स्टेहुडंला ऐकायला ल्यूबेकला चालत गेला. अंतर सुमारे चारशे किलोमीटर. आळंदी ते पंढरपूर साधारण अडीचशे भरतं, त्यावरून अंदाज करा. वारीला सोबत दिंडी असते, इथं थंडी आणि एकटा जीव. चार आठवड्यांच्या रजेचे त्यानं जवळजवळ चार महिने केले. परत आल्यावर वरिष्ठांनी विचारलं, इतके दिवस कुठं होतास? आणि शिवाय प्रार्थनागीतांच्या साथीत इतके परके सूर का मिसळतोस, लोक गोंधळतात!

अण्णा म्हणायचे, साथ करणाऱ्यानं गाणाऱ्याच्या मागे सावलीसारखं राहावं. वीस वर्षांच्या पोरानं चारशे किलोमीटर चालून जे भरून आणलं, ते सावलीत कसं मावणार?

गुरुवार: डॉर्नहाइम आणि वायमार

सकाळी ढग होते, पण पाऊस नव्हता. आर्नस्टाटहून डॉर्नहाइमला चालत निघालो. तासाभराचा रस्ता, दोन्ही बाजूंना तेलबियांची पिवळी फुललेली शेतं. अर्ध्या वाटेत पाऊस आलाच. छत्री वाऱ्यानं उलटी झाली. याच रस्त्यानं 17 ऑक्टोबर 1707 रोजी बाख आणि मारिया बार्बरा लग्नाला गेले. तीही बाखच, त्याच्या चुलत घराण्यातली.

डॉर्नहाइमचं चर्च छोटं आहे. भिजलेल्या आम्हाला बघून आतल्या बाईंनी मागच्या खोलीतून टॉवेल आणला. या गावानं 1990 नंतर मोडकळीला आलेलं हे चर्च पुन्हा उभं केलं, हे त्या अभिमानानं सांगत होत्या. परदेशातून जोडपी इथं लग्न करायला येतात म्हणे. मी वेदीपुढच्या पहिल्या बाकावर बसले. बावीस वर्षांचा मुलगा, तेवढ्याच वयाची मुलगी. तिच्याविषयी फार थोडं लिहिलं गेलंय, आणि हे मला प्रवासभर खुपत राहिलं. तिच्या दोन मुलांची, विल्हेल्म फ्रीडेमान आणि कार्ल फिलिप इमानुएल यांची, संगीताच्या इतिहासात मोठी नावं झाली.

बाखच्या पुढच्या नोकरीचं गाव, म्युलहाउझेन, आम्ही वगळलं. बाख तिथं वर्षभरच टिकला. दुपारी वायमार.

वायमारला लोक गोएथं आणि शिलर या जर्मन कवींसाठी जातात, त्यामुळे बाख शोधावा लागतो. तो इथं 1708 ते 1717 अशी नऊ वर्षं होता, पण ज्या राजवाड्याच्या चर्चमध्ये तो वाजवायचा ते 1774 च्या आगीत गेलं. राहतं घरही गेलं, बाजारचौकाजवळ भिंतीवर पाटी आहे. ज्या चर्चमध्ये मुलांचे बाप्तिस्मे झाले, ते आहे.

इथल्या नोकरीचा शेवट तुरुंगात झाला. वरची जागा रिकामी झाली तेव्हा बाखला डावललं. त्यानं क्योटेनच्या राजाची नोकरी धरली आणि वायमारच्या ड्यूककडे सुटका मागितली. जरा हट्टानं मागितली असणार, कारण 6 नोव्हेंबर 1717 ला त्याला कोठडीत टाकलं आणि 2 डिसेंबरला नाराजीनं सोडलं. राजवाड्याच्या जुन्या दरवाजाचा बुरूज अजून उभा आहे, त्याला बास्टिलं म्हणतात. त्याच्या सावलीत आम्ही बराच वेळ थांबलो.

वायमारमध्ये त्यानं एक छोटी वही सुरू केली होती, ऑर्गन शिकणाऱ्यांसाठी. 164 प्रार्थनागीतांची शीर्षकं आधीच पानोपानी लिहून ठेवली, मग एकेक रचना भरायला घेतली. सेहेचाळीस झाल्या. बाकी पानांवर वर शीर्षक आणि खाली कोऱ्या रेघा. वेळापत्रक, बदली, मुलंबाळं या सगळ्यातून ज्यांना आपलं काम करायचं असतं, त्यांना त्या कोऱ्या पानांचा अर्थ सांगायला नको.

जेवणात पांढरा शतावर. आपल्या शतावरीचाच हा भाऊबंद, एप्रिलपासून जूनच्या चोविसापर्यंत याचा हंगाम. उकडलेल्या बटाट्यांबरोबर, वर लोण्याचं सॉस. सई म्हणाली, "आई, तुझ्या हातची फोडणी हवी होती याला." मला तो तसाच आवडला.

शुक्रवार: क्योटेन, मग लाइपझिग

क्योटेन लहान, शांत गाव. आपल्याकडच्या होमिओपॅथी घेणाऱ्यांना इथं एक नमस्कार करावासा वाटेल, कारण होमिओपॅथीचा जनक हानेमान 1821 पासून चौदा वर्षं या गावात राहिला. त्याचं घर आहे. आम्ही बाहेरून पाहिलं आणि राजवाड्याकडे वळलो.

राजा लिओपोल्ड स्वतः वाजवणारा होता, संगीत समजणारा होता. दरबार कॅल्व्हिनपंथी, म्हणजे देवळात साधेपणा मानणारा, असल्यानं चर्चमध्ये भारदस्त संगीताला वाव नव्हता, म्हणून बाखनं इथं वाद्यांसाठी लिहिलं. ब्रांडेनबुर्गच्या सरदाराला 1721 मध्ये पाठवलेले सहा कॉन्चेर्तो, म्हणजे वाद्यसमूहाच्या रचना, एकट्या व्हायोलिनच्या आणि एकट्या चेलोच्या रचना.

आणि 1722 ची ती वही. स्वरजुळणी अशी करायची, की कुठलीही पट्टी घेतली तरी वाजवता यावं, आणि मग बाराही पट्ट्यांत, मेजर आणि मायनर धरून चोवीस प्रिल्यूड, म्हणजे आरंभीच्या मोकळ्या रचना, आणि चोवीस फ्यूग, म्हणजे एकच धून एकामागून एक अनेक आवाजांत फिरवणाऱ्या रचना. पेटी वाजवणाऱ्याला यातली गंमत लगेच कळेल. गायिका आली, म्हणाली काळी चार. दुसरा आला, म्हणाला पांढरी एक. अण्णांचा हात क्षणात बदलायचा, पण काळी दोनवर त्यांना घाम फुटायचा. बाखनं एकही पट्टी सावत्र ठेवली नाही. वहीच्या पहिल्या पानावर त्यानं लिहिलंय, की ही शिकायची इच्छा असलेल्या तरुणांच्या उपयोगासाठी आहे. राजवाड्यातल्या बाखच्या दालनांत मी हे सगळं सईला हातानं हवेत दाखवत होते, तेव्हा तिथला पहारेकरी जवळ येऊन ऐकत उभा राहिला. त्याला मराठी कळत नव्हतं, पण बोटं कळत होती.

याच गावातून 1720 च्या उन्हाळ्यात बाख राजाबरोबर कार्ल्सबादला गेला. जुलैत घरी परतला, तर मारिया बार्बरा गेलेली होती आणि दफनही होऊन गेलं होतं. जाताना ती धडधाकट होती. कालच्या डॉर्नहाइमच्या बाकाची मला आठवण झाली. राजवाड्याच्या अंगणात आम्ही दोघी काही न बोलता बसलो. दीड वर्षानं त्यानं दरबारच्या गायिकेशी, आना माग्डालेनाशी, लग्न केलं. चेलोच्या त्या सहा रचना आपल्याला मुख्यतः तिनं उतरवून घेतलेल्या प्रतीमुळे मिळाल्या. बाखच्या हातची प्रत उरलेली नाही.

तीन वाजता निघून लाइपझिग. सामान टाकलं आणि थेट थॉमसकिर्श. दर शुक्रवारी संध्याकाळी सहा आणि शनिवारी दुपारी तीन वाजता इथं मोटेट, म्हणजे धार्मिक समूहगायन, होतं. गातो तो मुलांचा थॉमानर गायकवृंद, 1212 पासूनचा. प्रवेश अगदी थोडक्या पैशांत. तासभर आधी रांगेत उभं राहावं. शाळेच्या सुट्ट्यांत, विशेषतः उन्हाळ्यात, मुलं नसतात. त्यामुळे तारखा बघून बेत करावा.

मुलं मागे, वर सज्जात उभी राहतात. आपण बाकांवर वेदीकडे तोंड करून बसतो, त्यामुळे गाणारे दिसत नाहीत. पहिला आवाज मागून डोक्यावरून आला तेव्हा माझ्या अंगावर काटा आला. त्या दिवशी बाखचं 'झिंगेट डेम हेर्न' होतं. दोन गट, आठ आवाज. एक गट धरून ठेवतो आणि दुसरा त्याच्या अंगावरून वाहतो. 1789 मध्ये मोझार्टनं हेच इथंच ऐकलं. संपूर्ण स्वरलिपी नव्हती, तेव्हा वेगवेगळ्या आवाजांचे कागद त्यानं हातांत, मांडीवर, खुर्च्यांवर पसरले आणि सगळं वाचून होईपर्यंत उठला नाही, अशी आठवण तिथल्या रॉखलिट्झनं लिहून ठेवली आहे.

मध्ये सगळ्यांनी उभं राहून एक प्रार्थनागीत म्हणायचं असतं. स्वरलिपी छापलेला कागद देतात. सई शब्द म्हणत होती, मी सरगमनं गुणगुणले. शेजारच्या वृद्ध बाईंनी माझ्याकडे वळून बघितलं आणि आपला आवाज किंचित वाढवला, मला सूर मिळावा म्हणून.

शनिवार: लाइपझिग

सकाळी चर्चसमोरच्या बाख संग्रहालयात गेलो. अस्सल हस्तलिखितांची एक अंधारलेली खोली आहे. तिथं मी जास्तीत जास्त वेळ घालवला. शाईनं कागद खाल्लाय, पण हात धावताना दिसतो.

1723 मध्ये लाइपझिगला थॉमसकिर्शच्या संगीतप्रमुखाच्या जागेवर टेलेमान हा संगीतकार हवा होता, तो आला नाही. मग ग्राउप्नर, त्याला त्याच्या मालकानं सोडलं नाही. सर्वोत्तम मिळत नाही तर मधल्यातला घ्यावा लागेल, असं एक नगरसेवक बोलल्याची नोंद आहे. असा आलेला माणूस इथं सत्तावीस वर्षं राहिला. पहिली काही वर्षं तर जवळजवळ दर आठवड्याला एक नवा कँटाटा, म्हणजे गायक आणि वाद्यं यांच्यासाठी अनेक भागांची रचना. वर शाळेतल्या मुलांना शिकवणं, लग्नं, अंत्यविधी. रचना झाली की बायको, मुलं, विद्यार्थी बसून प्रत्येक आवाजाचे वेगळे कागद उतरवायचे, आणि रविवारी सकाळी चर्चमध्ये ते गायलं जायचं. दोनशेच्या आसपास कँटाटा आज उरले आहेत, बरेच हरवले.

1730 मध्ये त्यानं एका जुन्या मित्राला नोकरीसाठी पत्र लिहिलं. मिळकतीचा हिशेब देताना तो लिहितो, की हवा निरोगी असली की अंत्यविधी कमी होतात आणि गेल्या वर्षी त्यामुळे शंभरावर थालर (तेव्हाची नाणी) बुडाले. त्याच पत्रात पुढे आहे, की माझी सगळी मुलं जन्मजात संगीतकार आहेत, घरच्या घरी गाणं-वाजवणं उभं करू शकतो. पत्नीचा आवाज चांगला आहे, थोरली मुलगीही वाईट गात नाही. वीस मुलं झाली, दहा जगली. त्या हिशेबी पत्राच्या मधोमध आलेली ती दोन वाक्यं मी सईकडून तीनदा वाचून घेतली.

काथारिनेनश्ट्रासंवर त्सिमरमानचं कॉफीगृह होतं, जिथं बाख विद्यार्थ्यांच्या वाद्यवृंदाचे कार्यक्रम करायचा. युद्धात ती इमारत गेली. कॉफीवरचा त्याचा कँटाटा याच काळातला. त्यातली मुलगी बापाला सांगते, दिवसातून तीनदा कॉफी मिळाली नाही तर मी भाजलेल्या बकरीसारखी सुकेन. आम्ही जवळच एका ठिकाणी कॉफी आणि बदामाच्या मार्झिपानची 'लार्क' खाल्ली. पूर्वी खऱ्या चंडोल पक्ष्यांचे खाद्य करत. 1876 मध्ये शिकारीवर बंदी आली, तेव्हा बेकऱ्यांनी हे गोड बनवलं.

तीन वाजता पुन्हा मोटेट, शनिवारी सोबत बाखचा कँटाटा असतो. संपल्यावर वेदीपुढच्या ब्रॉन्झच्या पट्टीपाशी, बाखच्या कबरीपाशी, गेलो. त्यावर नावाशिवाय काही नाही. 1750 मध्ये डोळ्यांच्या दोन शस्त्रक्रियांनंतर तो खंगत गेला आणि 28 जुलैला वारला. कबरीवर दगडसुद्धा नव्हता. 1894 मध्ये योहानिसच्या दफनभूमीत खणून अस्थी शोधल्या. ज्या चर्चमध्ये ठेवल्या ते युद्धात पडलं, म्हणून त्या इथं आणल्या. आना माग्डालेना त्याच्यानंतर दहा वर्षं जगली आणि गावाच्या दानधर्मावर वारली. तिला कुठं पुरलं त्याची खूण उरलेली नाही. मी आदल्या दिवशी घेतलेली फुलं पट्टीवर ठेवली, आणि त्यातलं अर्धं तिच्यासाठी, असं मनात म्हटलं.

गर्दी ओसरली होती. वर कुणीतरी ऑर्गनचा सराव करत होतं, एकच ओळ पुन्हापुन्हा, पायांची. चुकायची, थांबायची, परत पहिल्यापासून. आम्ही दिवे बंद करायला माणूस येईपर्यंत बसलो.

सांगलीला आल्यावर अण्णांची हातपेटी काढली. भात्याच्या घडीला भोक पडलंय, हवा राहत नाही. परवा मिरजेला देऊन आले. गणपतीच्या आधी मिळेल म्हणाले.